पिठी लावलेले हातमोजे

आमच्या दवाखान्यात हातमोज्यांना पिठी लावायची रीत होती. पोळी लाटताना लावतो तशीच. प्रसूतीच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा एक मोठा डबा असायचा आणि त्यात पांढरी पावडर. नवे हातमोजे आले की मोठ्या सिस्टर ते मूठमूठ त्या डब्यात टाकायच्या, झाकण घट्ट लावून डबा दोन्ही हातांनी खळाखळा हलवायच्या, मग एकेक मोजा काढून, झटकून, जोड्या लावून कापडात बांधायच्या. ती गाठोडी वाफेच्या ड्रममध्ये निर्जंतुक व्हायला जायची. मोजे कंपनीतून पावडर लावून, निर्जंतुक होऊनच येतात, असं कोणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "कंपनीवाल्याले काय मालूम आपल्या इथं किती घाम येते ते?"

घाम मात्र खरा. बुलढाण्याचे लोक आपल्या थंड हवेच्या गप्पा मारतात, पण ती हवा घाटावरच राहते, खाली उतरत नाही. आमचं तालुक्याचं गाव घाटाखाली. उन्हाळ्यात हात धुऊन पुसेपर्यंत पुन्हा ओले. अशा हातांवर रबराचा मोजा चढवायचा म्हणजे ओल्या पायात आखूड मोजा घालण्यासारखं, अर्ध्यावर अडकणार आणि शिव्या खाणार. पिठी लावली की सर्रकन चढायचा. मोठ्या सिस्टर डबा उघडायच्या, पंखा फिरत असायचा, आणि खोलीत हलकं धुकं उठायचं. आम्हाला त्या वासाची सवय झाली होती. मला तर आवडायचा.

दवाखाना मॅडमचा. मॅडम पुण्याकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या. दवाखाना त्यांच्या सासूबाईंनी सुरू केला होता आणि मोठ्या सिस्टर त्या सासूबाईंच्या काळापासूनच्या. त्यामुळे सगळं गाव ज्यांना मॅडम म्हणतं त्यांना मोठ्या सिस्टर अजून सूनबाई म्हणतात, पेशंटसमोरसुद्धा. झाडलोट, चहा आणि गावातल्या बातम्या हे खातं मावशींकडे. आणि दुसरी सिस्टर मी. माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर नवरा सांगेल. पण माझे हात चांगले आहेत. बाळाचं डोकं बाहेर येताना ते कितपत धरायचं, कितपत सोडायचं, हे माझ्या हातांना कळतं. माझ्याकडच्या बायकांना टाके क्वचितच पडतात, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

त्याच हातांना खाज सुटली. आधी मनगटाला, मग बोटांच्या मधे. लाल चट्टे, बारीक पुळ्या. घरी निदान करणाऱ्यांची वाण नव्हती. सासूबाई म्हणाल्या वांगी बंद कर. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो, तो म्हणाला साबण बदल. शेजारच्या काकूंनी नजर काढली आणि मिरच्या जाळल्या, त्यानं मला वेगळाच खोकला लागला. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाले उष्णता झाली. सब्जा घ्या." मी वांगी सोडली, साबण बदलला, सब्जा घेतला. खाज वाढली. मग शिंका सुरू झाल्या. कामावर गेलं की शिंका, घरी आलं की बंद. नवरा म्हणाला, "तुला कामाचीच ॲलर्जी आहे." हा विनोद त्यानं इतक्यांदा केला की एकदा मी त्याचा डबा भरलाच नाही.

खरं निदान केलं एका कोंबड्यानं. आमच्याकडे आई आत असली आणि थोरलं पोर बाहेर रडत असलं की आम्ही हातमोज्याचा कोंबडा करून द्यायचो. मोजा तोंडानं फुगवायचा, गाठ मारायची, बोटांचा तुरा वर, अंगठ्याची चोच, पेननं डोळा. दवाखान्यात माझे कोंबडे सगळ्यात देखणे. त्या दिवशी एक पोरगी भोकाड पसरून बसली होती, म्हणून मी डब्यातला मोजा घेतला आणि फुगवला. कोंबडा तयार होईपर्यंत माझे ओठ फुगले. पोरगी रडायची थांबली आणि कोंबड्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. मग डोळे सुजले, छाती आवळली, आणि श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. मी हसत होते, कारण मला अजून गंमतच वाटत होती. मॅडमनी माझं तोंड बघितलं आणि धावत येऊन सुई टोचली. मागून वाफ लावली. मोठ्या सिस्टर माझी पाठ चोळत एकसारख्या म्हणत होत्या, "काही होत नाही वं, काही होत नाही," आणि त्यांचा आवाज थरथरत होता. तेव्हा मला भीती वाटली.

दोन दिवसांनी राजूरच्या घाटातून एसटीनं बुलढाण्याला गेले, चामडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, रबराची ॲलर्जी. रोज मोजे घालणाऱ्यांना होते, डॉक्टरांना, सिस्टरांना. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एक दिवस शरीर नको म्हणतं. रबराला आता हात लावायचा नाही. दुसऱ्या कृत्रिम पदार्थाचे निळे मोजे मिळतात, तेच वापरायचे. आणि पुन्हा असं श्वासावर आलं तर दरवेळी वेळेत सुई मिळेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मॅडमनी त्याच संध्याकाळी निळे मोजे मागवले. पण त्यांनी अटही घातली. "महिनाभर बघू. त्रास थांबला तर उत्तम. नाही थांबला तर तू काउंटरवर बस. मी तुझा जीव धोक्यात घालणार नाही." त्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या, म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

निळे मोजे आले आणि माझी प्रसिद्धी झाली. बाया आपसात बोलायच्या, ती निळ्या हाताची सिस्टर. एका आजीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काऊन वं बाई, निळ्या मोज्यानं पोरगा होते का?"

"मोज्यानं काही होत नसते, आजी," मी म्हटलं. "आणि पोरगी झाली तं पेढे जास्तीचे आणजा."

पोरगी झाली, आणि आजीनं पेढ्यांऐवजी शेगावची कचोरी आणली. ती आम्ही माफ केली.

पण शिंका थांबल्या नाहीत. हातांची खाज थोडी कमी झाल्यासारखी वाटायची आणि पुन्हा उठायची. डोळे चुरचुरायचे. एका बाळंतपणात ऐन वेळेला मला इतक्या शिंका आल्या की पेशंट कळा विसरून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बसा जरा." सगळे हसले, मीही हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या सोमवारपासून मी काउंटरवर होते.

काउंटर म्हणजे एक टेबल, एक फोन, पैसे घ्यायचा चौकोनी कोड चिकटवलेली पाटी आणि दिवसभर एकच प्रश्न, मॅडम आहेत का. लोक विचारायचे, "सिस्टर, तुमची बदली झाली का?" मी म्हणायचे, "हाव, आतून बाहेर झाली." टेबलाच्या मागच्या भिंतीपलीकडे प्रसूतीची खोली. मोठ्या सिस्टरांचा आवाज यायचा, "जोर लाव वं माय, आता सोडू नको," आणि इकडे टेबलावर माझे हात आपोआप उचलले जायचे. समोर उभा असलेला माणूस सुटे पैसे पुढे करायचा. मला रडू यायचं. मी ते शिंकेत खपवायचे, पण काउंटरवर शिंका येतच नव्हत्या, म्हणून तेही जमेना.

शिंका येत नाहीत, ही गोष्ट मला आनंदाची वाटायला हवी होती. वाटली नाही. मला एवढंच कळलं की माझं काही चुकत नाही, त्या खोलीत काहीतरी आहे.

ते काय आहे हे मला पार्सलवाल्यानं सांगितलं, त्याला स्वतःला काही माहीत नसताना. निळ्या मोज्यांचं नवं खोकं मॅडमनी आधीच मागवलं होतं, ते काउंटरवर आलं. एरवी खोकी सरळ आत जायची. मी आता काउंटरचीच, म्हणून मी उघडलं. मोजे स्वच्छ निळे होते. मी एक उलटा करून बघितला, झटकून बघितला. पावडर नाही. कणभर नाही. मी आत वापरत होते त्या निळ्या मोज्यांना तर पावडर असायची, आणि मला वाटायचं, ती कंपनीचीच. जन्मात पावडरीशिवाय मोजा बघितला असता तर संशय तरी आला असता.

मी तोंडाला ओढणी गुंडाळून आत गेले. मावशी आणि मोठ्या सिस्टर खिडकीखाली बसल्या होत्या. आधीच्या खोक्यातले उरलेले माझे निळे मोजे त्या पांढऱ्या पावडरीच्या डब्यात टाकून मावशी डबा हलवत होत्या. खळाखळा, खळाखळा. त्याच डब्यात, जिथं वर्षानुवर्षं रबराचे मोजे लोळले होते.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?" मी किंचाळले.

मावशी दचकल्या. "तुम्ही वापस आत आल्या की लागतीन ना, सिस्टर. तुमच्या हाताले चुरचुरते. म्हणून दुप्पट टाकून राह्यलो. नरम होऊ दे म्हटलं."

"दुप्पट!"

"आणि मी झटकतही नाही तुह्ये," मोठ्या सिस्टर मोठ्या मायेनं म्हणाल्या. "दुसऱ्यांचे झटकतो."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मारून टाकाल मला, असंही म्हटलं. ओढणीतून बोलत असल्यामुळे निम्मं त्यांना कळलं नाही, हे बरं झालं. मग मला शिंका सुरू झाल्या आणि भांडण अर्धवट टाकून पळावं लागलं.

मॅडमनी बुलढाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी विचारलं, "डबा? कसला डबा?" मॅडमनी सांगितला. मग त्यांनी समजावलं की रबरातला त्रास देणारा अंश पावडरीला चिकटतो, पावडर हवेत उडते आणि नाकात जाते. एकीनं निळे मोजे घालून उपयोग नाही. त्या खोलीत कोणीच पावडरीचे मोजे वापरायचे नाहीत. बाकीच्यांना बिनपावडरीचे चालतील. खोली ओल्या फडक्यानं पुसून घ्या, झाडू मारू नका.

म्हणजे ॲलर्जी माझी आणि मोजे सगळ्यांचे बदलायचे. मॅडमनी बिनपावडरीचे पांढरे मोजे मागवले. मोठ्या सिस्टरांनी एक घालून बघितला, बोटांच्या पेरापर्यंत चढला आणि थांबला. त्यांनी तो काढून टेबलावर आपटला.

"माह्या हाताले हे चढत नाहीत, सूनबाई. कळा देणारी बाई काय म्हणून थांबणार हाय, सिस्टरचे हात वाळू द्या म्हणून? मले पावडर लागते. नाही तं मले घरी पाठवा."

मॅडम मला केबिनमध्ये घेऊन म्हणाल्या, "मी त्यांना काय सांगू? मी केलेलं पहिलं सिझेरियन त्यांच्या धाकात झालंय. तू बोल."

मी बोलायला गेले, पण माझ्या परीनं. मी म्हटलं, "तुमच्या घामासाठी मी आयुष्यभर पावत्या फाडू का?" त्या उठून वॉर्डात निघून गेल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. चहाचा कपही मावशींच्या हातून यायचा, आणि मावशी दोन देशांत ये-जा करणाऱ्या राजदूतासारख्या तोंड गंभीर करून यायच्या. मला मोठ्या सिस्टरांचा भयंकर राग आला होता. माझी पाठ चोळताना थरथरलेला तो आवाज आठवला की आणखी राग यायचा. एवढी माया आहे आणि एक डबा सुटत नाही?

एका दुपारी जेवणाच्या वेळेला चादरींच्या खोलीतून आवाज आला. फट्ट. मग थोड्या वेळानं पुन्हा, फट्ट. दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं तर मोठ्या सिस्टर स्टुलावर, टेबलफॅनसमोर दोन्ही हात पसरून बसलेल्या, आणि मावशी खोक्याच्या पुठ्ठ्यानं वरून आणखी वारा घालत होत्या. हात वाळले की मोठ्या सिस्टर एक पांढरा मोजा ओढायच्या. ओढताना दात आवळायच्या, डोळे मिटायच्या. फट्ट.

"हाबी गेला," मावशी म्हणाल्या.

"दे दुसरा. आणि त्या पोरीले सांगशीन तं पाह्य."

खाली फाटक्या मोज्यांचा ढीग पडला होता. मी पाय न वाजवता मागे फिरले. काउंटरवर येऊन बसले आणि एका माणसाला पावती दोनदा दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात धामणगाव बढेकडची एक बाई आली, दुसऱ्या खेपेची, सगळं घाईत. मॅडम केबिनमध्ये पेशंट बघत होत्या. प्रसूतीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि मोठ्या सिस्टर दारात उभ्या. दोन्ही हात वर धरलेले, हातांवर पांढरे मोजे, मनगटापर्यंत चढलेले. एक सुरकुती नाही.

"ए काउंटर," त्या ओरडल्या. "तुह्ये निळे घाल आणि ये."

खोली ओली होती, कोपरा न् कोपरा पुसलेला. खिडकीखालचं टेबल मोकळं.

"डबा?" मी विचारलं.

"मावशीनं नेला घरी. तुरीची दाळ ठेवीन म्हणते."

"घासून घ्या म्हणावं."

"तू डोकं पाह्य आधी," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी जागा सोडून बाजूला सरकल्या. त्या जागेवरून त्या कोणासाठी सरकलेल्या मी बघितल्या नव्हत्या, मॅडमसाठीसुद्धा नाही.

मी लांब श्वास घेतला. नाकाला काही झालं नाही. पुन्हा घेतला. मग बाळाचे केस दिसले आणि नाकाचा विचार डोक्यातून गेला. माझे हात होते तिथंच होते, काही विसरले नव्हते. हळूच, हळूच, थांब आता, फुंकर मार, आता सोड. पोरगी झाली, रडली, टाका एकही नाही. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणात झाला नव्हता. तेव्हा मी नुसती ओरडत होते.

सगळं आवरलं. बाई आणि बाळ वॉर्डात गेली. मी मोजे काढून हात धुतले. मोठ्या सिस्टर बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचे मोजे निघत नव्हते. मला त्या आडमुठेपणाची गंमत वाटली. नवे निळे घातले आणि म्हटलं, "आणा इकडं. चढवायचं शिकल्या, आता उतरवायचं मी शिकवते."

"राहू दे."

"आणा हो."

मी त्यांचा हात ओढला आणि मोजा मनगटापासून उलटा करत खाली सोलला. त्या कळवळल्या. मोज्याबरोबर पापुद्रे निघाले. आतला हात लालभडक होता, बोटांच्या बेचक्यांत भेगा, काही भेगांतून पाणी सुटलेलं. माझ्या हातांना कधी झालं होतं त्याच्या कितीतरी पुढचं. आणि जुनं. असं कातडं एका उन्हाळ्यात होत नाही.

दुसरा मोजा मी नळाखाली धरून हळूहळू सैल केला.

"पावडर दाबून भरली की रबर घासत नव्हतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "घाम काय, सगळ्यायलेच येते."

"केव्हापासून आहे हे?"

"सूनबाईच्या सासूपासून."

"आणि सांगितलं नाही कोणाला?"

"सांगितलं तं काय झालं असतं? पाह्यलं ना मी तुह्यं काय झालं ते. तू जवान हायेस, चार ठिकाणी लागशीन. मले त्या काउंटरवर बसवलं तं मी मरून जाईन वं. मले दुसरं काही येतच नाही."

मी आरडाओरडा केला आणि माझ्यासाठी आख्खी खोली पुसून निघाली. त्यांनी तोंड बंद ठेवलं आणि इतकी वर्षं सोललेल्या हातांनी बाळं झेलली. शेवटी माझ्यासाठी ती पावडरही सोडली. त्या बंद दाराआड त्यांनी दात का आवळले होते, ते मला आता कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी मी ते कशात खपवायच्या भानगडीत पडले नाही.

"चला," मी म्हटलं.

"कुठं?"

"मॅडमकडे. हात दाखवायचे. मग घाटावर, त्या डॉक्टरकडे. मी येते सोबत."

"नको वं. ऐक माह्यं."

हात धरण्यासारखे नव्हते, म्हणून मी त्यांचा दंड धरला. व्हरांड्यातून त्या मुकाट आल्या. केबिनच्या दारापाशी मात्र थांबल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. सगळ्या तालुक्याला दरडावणारी बाई शाळेत उशीर झालेल्या पोरीसारखी उभी होती.

"तिनं काउंटरवर बस म्हटलं तं?"

"तर दोघी बसू," मी म्हटलं. "मग बाळंतपणं त्यांना एकटीनं करू द्या."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी पदराखालून हात बाहेर काढले, आणि मी दार वाजवलं.